वीस हा आकडा खरा होता का?

अहो, भांडणापासूनच सुरुवात करते, कारण आपलं तेच अर्धं राहिलंय. तुम्ही वीस म्हणालात. मला तो वीस पटलेला नाही.

तुम्हाला जाऊन आज एक महिना चार दिवस झाले. दारात येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता विचारतो, शेवटी काय बोलले? कुणाला वाटतं तुम्ही देवाचं नाव घेतलं असेल, कुणाला वाटतं माझं. मी म्हणते, काही नाही, घरातलंच काहीतरी. माझा नवरा जाताना आकडा सांगून गेला, हे कसं सांगायचं? मटका लावायला पळाले असते लोक.

आपल्या घरात आकडा म्हणजे भीतीचं माप होतं. शून्य म्हणजे दुपारी जेवून आडवं झाल्यावर वाटतं तसं निवांत. शंभर म्हणजे ते वळण. मधले सगळे आकडे तुम्ही त्या मॅडमच्या खोलीत शिकलात आणि मग मला शिकवलेत. त्या सकाळी तुम्ही छातीवर हात ठेवून पडवीत बसला होतात. मी विचारलं, "आकडो सांगा." तुम्ही म्हणालात, "वीस." आणि मी शेजारी बसून राहिले, शिकवलं होतं तशी. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदयाचा झटका होता. म्हणजे तुमचं हृदय बंद पडत होतं आणि मी तुमची भीती उतरायची वाट बघत होते. तो वीस खरा होता की मी घाबरू नये म्हणून सांगितलेला होता, एवढंच मला कळायला हवं. बाकीचं मी बघून घेईन.

संशय माझ्या रक्तात आहे असं तुम्ही म्हणायचात. रक्तात नाही हो, नोकरीत आहे. चोवीस वर्षं पंचायतीत कारकुनी करतेय. वारलेल्या माणसाची ताजी सही, एका घराचे तीन मालक, जन्मतारखेआधीचा जन्मदाखला, असले कागद घेऊन लोक समोर हसत उभे राहतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. घरी येऊन मी तुमचंही ताक फुंकायचे. तुम्ही हसायचात. "देवान तुका प्रसाद दिल्यान तरी तू त्याच्यावर शिक्को शोधतलंस," असं तुम्ही आपल्या मालवणीत चारचौघांत सांगितलं होतं, आणि माझ्या केरीच्या माहेरचे लोक माझ्यापेक्षा जोरात हसले होते. तो राग माझ्या मनात अजून आहे.

खाण बंद होती ती सगळी वर्षं खनिजाचा टिपर ट्रक सोडून तुम्ही मिळेल ते चालवलंत. चिरे वाहिलेत, वाळू वाहिलीत, एकदा तर लग्नाच्या मंडपाचे बांबू. खाण पुन्हा सुरू झाली तेव्हा तुम्ही नवीन शर्ट घालून कामावर गेलात. सिंधुदुर्गातून पोटासाठी इकडे आलेला माणूस, टिपरचं स्टिअरिंग हातात आलं की मुळगावचा राजा. तिसऱ्याच महिन्यात ते झालं. सकाळची वेळ होती, रस्त्यावर खनिजाचा लाल चिखल होता, तुमचा भरलेला टिपर उताराला लागला होता, आणि जेटीच्या वाटेवरच्या वळणावर पाव विकणाऱ्या मिंगेल पदेराची सायकल घसरली. मागच्या टोपलीतले पाव रस्ताभर झाले. मिंगेल वाचला नाही. पंचनामा झाला, चूक तुमची नाही असं लिहून आलं. तो कागद मी दोनदा तपासला, त्यात काही खोट नव्हती. तुम्ही तो एकदाही वाचला नाहीत.

त्यानंतर तुम्ही टिपरवर चढलाच नाहीत, ते एक वेळ ठीक. पण गोव्यात राहून पदेराच्या भोंग्यापासून कुठे पळणार? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, गावात पाववाला येतोच. मिंगेलच्या जागी नवा पोरगेलासा पदेर आला, त्याचाही तोच रबरी भोंगा. तो वळणावरून वाजला की तुम्ही न्हाणीघरात शिरून नळ सोडायचात. बाहेर यायचात तेव्हा शर्ट भिजलेला, आणि नळाच्या पाण्याने नव्हे. घरात पाव आणणं मी बंद केलं. चहाबरोबर भाकरी देताना तुम्ही माझ्याकडे बघायचा नाहीत.

गावाचं म्हणाल तर अर्धा गाव म्हणे हे कामचुकारपणाचं नाटक, अर्धा गाव म्हणे मिंगेलचं भूत धरून बसलंय. मी दोन्ही बाजूंनी बंदोबस्त केला. वळणावर नारळ ठेवून आले, आणि नव्या पदेराला गाठून सांगितलं, आमच्या घराच्या अलीकडे दोन घरं आणि पलीकडे दोन घरं भोंगा वाजवायचा नाही. तो बिचारा सायकलवरून उतरून हातात धरून चालवत जायचा. मला वाटलं, प्रश्न सुटला. पण तुम्ही सुटलेल्या प्रश्नाचीही वाट बघत बसायचात. साडेसात वाजले की भोंगा न वाजताच तुम्ही न्हाणीघरात.

मग छातीत धडधडतंय म्हणून तुम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत आहे म्हणाले, आणि आठवड्यातून एकदा डिचोलीला बसणाऱ्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. ती पट्टी मी जपून ठेवली होती. माझा सगळा घोळ तिथेच झाला असावा. एकदा तपासलेल्या कागदावर मी पुन्हा शंका घेत नाही.

मॅडमना बघितलं आणि माझा विश्वासच बसेना. वय फार तर आपल्या लग्नाएवढं. खोलीत दोन खुर्च्या, एक घड्याळ आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा. रडायची सोय आधीच करून ठेवलेली. औषधं वेगळे डॉक्टर देणार, ही बाई फक्त बोलणार. आणि बोलणार तरी कुठे, ती तुम्हालाच बोलायला लावणार. डोळे मिटायचे आणि ती सकाळ पहिल्यापासून सांगायची, आणि तीही झालेली गोष्ट म्हणून नाही, आत्ता घडते आहे म्हणून. शेवटपर्यंत आलं की पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं फोनवर ध्वनिमुद्रित करायचं आणि घरी रोज ऐकायचं. मी म्हटलं, हा छळ पोलीसही करत नाहीत. तुम्ही मला समजावलंत की भीती टाळली की ती वाढते, तिच्यासमोर बसलं की ती आपोआप उतरते, आणि उतरते हे माणसाला स्वतः अनुभवून कळावं लागतं. तुम्ही ते इतकं मॅडमच्या शब्दांत सांगितलंत की मला त्या बाईचा आणखीच राग आला.

तुम्ही रोज दुपारी चार वाजता मागच्या दारी कानात वायर घालून बसू लागलात. डोळे मिटलेले, गालांवर पाणी. ऐकून झालं की फोन पालथा ठेवायचात. आता सांगते, मला वाटलं बाई आहे. चाळीस वर्षांच्या कुठल्याही बायकोला तेच वाटलं असतं, आणि मी तर पन्नाशीची. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी फोन कानाला लावला. तुमचाच आवाज होता. "मी टिपरात आसंय. उतार लागलो. फुडे सायकल दिसता." एवढंच ऐकलं आणि बंद केला. तो आवाज मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता, त्याला कुणाचा आधार नव्हता. फोन होता तसा पालथा ठेवला आणि संध्याकाळी तुमच्या आवडीच्या खोबऱ्याच्या वड्या केल्या. वड्या बघून तुम्ही लगेच ओळखलंत.

"आयकलंस मगे?" तुम्ही म्हणालात. "बरा झाला. माका एकट्यान तां आयकूक कंटाळो इललो."

मी वड्यांची बशी पुढे केली. पुढचं ऐकते असं तरी म्हणायला हवं होतं. ते मी आजवर ऐकलेलं नाही, आणि तुमचा फोन माझ्या उशाखालीच आहे.

मग त्या पायऱ्या आल्या. मॅडमनी तुमच्याकडून कागदावर उतरवून घेतल्या, सगळ्यात सोपी खाली, सगळ्यात अवघड वर. सगळ्यात खालची पायरी म्हणजे बशीत ठेवलेला पाव बघायचा. मी दुकानातून एक उंडो आणला, तोच तो कडक पाठीचा गोल पाव, आणि तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही त्याच्यासमोर हात जोडून, एखाद्या साहेबासमोर बसावं तसे बसलात. मला हसू फुटलं. तुम्ही रागावलात, मग तुम्हालाही फुटलं. साठवरून सुरू झालेला आकडा तिसावर आला तेव्हा तुम्ही तो चहात बुडवून खाल्लात. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. तुम्ही विचारलंत तेव्हा डोळ्यांत साबण गेला म्हणाले.

तेवढ्यात मॅडमना माझ्या भोंगाबंदीचा पत्ता लागला, तुमच्याच तोंडून. त्यांनी मला बोलावून घेतलं. मी तयारीनेच गेले होते. त्या म्हणाल्या, पदेराला भोंगा वाजवू द्या, आणि यांना घाबरल्यासारखं झालं की छाती चोळू नका, पंखा लावू नका, काही होत नाही असं सांगत बसू नका. आकडा विचारा आणि शेजारी बसा, तो उतरेपर्यंत. मी म्हटलं, नवरा समोर घामाघूम होणार आणि मी त्याच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवायचा नाही, तर मग मी कशाला आहे? त्या म्हणाल्या, "सोबतीला." एवढ्याशा मुलीने मला सोबत शिकवावी! अंगाचा तिळपापड झाला. पण न्याय द्यायचा तर सगळा द्यायला हवा. त्याच दिवशी त्यांनी एका कागदावर लिहूनही दिलं होतं की छातीत दुखून डाव्या हातात कळ गेली, श्वास लागला, दरदरून घाम आला तर आकडे विचारत बसायचं नाही, सरळ दवाखाना. मी तो कागद भोक पाडून फाईलला लावला, छातीच्या पट्टीच्या वर. फाईल कपाटात गेली.

आपलं खरं भांडण झालं ते वळणावरच्या पायरीचं. तुम्ही एकट्याने त्या वळणावर जाऊन उभं राहायचं होतं, आकडा निम्मा होईपर्यंत. बरोबर कोणी नको, हातात काही नको, देवाचं नावसुद्धा कुबडीसारखं धरायचं नाही. हे मला काही झेपलं नाही. मी आदल्या दिवशी नार्व्याला जाऊन सप्तकोटेश्वराचा अंगारा आणला आणि पुडी करून तुमच्या शर्टाच्या खिशाच्या शिवणीत टाकून चार टाके घातले. तुम्ही गेलात, पाऊण तास उभे राहिलात, नव्वदचा चाळीस करून परत आलात. मुलखाची लढाई जिंकल्यासारखे अंगणात उभे होतात. आणि शर्ट काढताना तुमच्या बोटाला पुडी लागली.

तुम्ही ओरडला नाहीत, ते मला जास्त लागलं. खिशाची शिवण उसवून पुडी देव्हाऱ्यात ठेवलीत आणि म्हणालात, "आता ह्यां हिशेबात धरूचा नाय. परत जावक व्हया." दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा गेलात. रिकाम्या खिशाने पुन्हा पाऊण तास. परत येऊन मला सांगितलंत, पस्तीस.

त्यावरून आपण दोन महिने भांडलो. तुमचं म्हणणं, अंगारा नसताना पाच कमी झाले, म्हणजे ते माझं मी केलं. माझं म्हणणं, आदल्या दिवशीच्या अंगाऱ्याचा गुण दुसऱ्या दिवशी दिसला. तुम्ही म्हणालात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. मी म्हटलं, मग तुमच्या मॅडमचा कावळा आणि माझ्या देवाचा कावळा असा भेद का? तुम्ही हसून मिरच्यांना पाणी घालायला गेलात.

पण अहो, तुम्ही परत आलात, हे मी कुठल्याही कागदावर सही करून देईन. शेवटचे चार महिने तुम्ही झोपलात. घोरलातसुद्धा, आणि मी तुम्हाला कोपर मारलं नाही. सकाळी भोंगा वाजला की तुम्ही स्वतः फाटकात जायचात, पदेराशी हवापाण्याचं बोलायचात. न्हाणीघरात आंघोळीपुरतेच जायचात. सगळ्यात वरची पायरी मिंगेलच्या घरची होती. तिथेही तुम्ही गेलात, त्याच्या बायकोने तुम्हाला खुर्ची दिली, चहा दिला. काय बोलणं झालं ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, मी विचारलं नाही. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी न तपासता तुमच्या स्वाधीन केली. त्या पोरसवदा बाईवर माझा विश्वास बसायला लागला होता. ते मी तिला कधी कळू दिलं नाही.

म्हणूनच तर मी बसून राहिले ना. पूर्वीची मी असते तर तुमची छाती चोळली असती, शेजाऱ्यांना हाका मारल्या असत्या, रिक्षा बोलावून तुम्हाला शिव्या घालत दवाखान्यात नेलं असतं. जन्मभर शंका घेतली आणि नेमकी त्या सकाळी घेतली नाही. तुम्ही चार महिन्यांनी पुन्हा छातीवर हात ठेवलात, मला वाटलं, जुनंच पुन्हा डोकं वर काढतंय, मॅडम म्हणाल्याच होत्या की मधूनमधून येईल. दमट सकाळ होती, घाम मलाही आला होता. डाव्या हाताचं विचारायचं सुचलं नाही. आकडा विचारायचं सुचलं.

तुमची बहीण, वन्सं, दुसऱ्याच दिवशी पलीकडून, सिंधुदुर्गातून आल्या. रडून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आपल्यात विचारतात तोच.

"तोंडात पाणी कोणी घातलान गो?"

"मी घातलंय," मी म्हटलं.

त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. त्यांच्या नवऱ्याच्या तोंडात पाणी पडलं नव्हतं, तो मुंबईच्या वाटेवर गाडीतच गेला होता, हे मला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, माझा भाऊ तरी तहानलेला गेला नाही. तेरा दिवस जो येईल त्याला त्या हेच सांगत होत्या, की माझ्या भावजयीच्या मांडीवर गेला, पाणी पिऊन गेला. मी आतल्या खोलीतून ऐकत होते.

तेरावं झालं आणि मी डिचोलीला मॅडमकडे गेले. भांडायलाच गेले होते. मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. मॅडम, तुम्ही मला बसायला शिकवलंत आणि मी बसले, आणि माझा माणूस गेला, आता याचं काय ते सांगा. मला माहीत होतं ती काय बोलणार. तुमची चूक नाही, स्वतःला दोष देऊ नका, आणि डबा पुढे सरकवणार. मी डब्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

तिने डबा सरकवला नाही. तुमची फाईल तिच्या समोरच होती, आणि मी जायच्या आधीच उघडलेली होती. ती म्हणाली, "मी हे आठवडाभर वाचतेय. बसायला मीच शिकवलं. त्या सकाळपुरतं ते बरोबर होतं का, हे मला सांगता येत नाही."

माझी जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, खोट्याशी कसं वागायचं ते मला येतं. मग तिने विचारलं, झोप लागते का. मी म्हटलं, मला तुमचं गिऱ्हाईक करू नका. ती म्हणाली, नाही करत, पण ती सकाळ मला ऐकायची आहे, तुम्हाला सांगावीशी वाटली तर. मी सांगितली. खुर्चीत ताठ बसून, डोळे उघडे ठेवून, पंचनामा वाचावा तशी. साडेसातच्या सुमाराला तुम्ही पडवीत बसला होतात, छातीवर हात होता, मी आकडा विचारला, तुम्ही वीस म्हणालात, मी शेजारी बसले, मान कलली, मी पाणी घातलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "त्या दिवशी पदेर आला नव्हता का?"

मी पर्स उचलली आणि उठून आले. वाटेत बसमध्ये मला तिचा फार राग आला. हिला काय करायचंय पदेराशी? मग लक्षात आलं, साडेसातचा भोंगा तुम्ही तिच्या कागदावर रोज लिहीत होतात, तारीख आणि आकडा. तिला वेळ पाठ होती. पंचायतीत मी हेच करते, दोन कागद शेजारी ठेवते आणि जिथे जुळत नाही तिथे बोट ठेवते.

आज दुपारी चार वाजता मी मागच्या दारी तुमच्या जागेवर बसले. तुमचा फोन बरोबर घेतला नाही. डोळे मिटले आणि तुम्ही सांगायचात तशी सांगायला लागले, आत्ता घडतंय तसं. मोठ्याने. शेजारणीने ऐकलं असेल तर ऐको. इथे तुमच्यासाठी ते लिहून काढते.

तुम्ही पडवीत बसलाय. छातीवर हात आहे. मी विचारते, आकडो सांगा. तुम्ही म्हणता, वीस. मी तुमच्याकडे बघते. तुमचा चेहरा शांत आहे, ओठ थोडे पांढरे आहेत. ते मला दिसतं. तेवढ्यात वळणावर भोंगा वाजतो. तुम्ही उठत नाही, आत पळत नाही. जुनी भीती परतलेली नाही, या आनंदात मी ओठांचं विसरते. तुम्ही म्हणता, "जा, उंडे घे. तो थांबाचो नाय." हा तुमचा शेवटचा शब्द, आकडा नव्हे. मी उठते. मी फाटकात जाते. पदेर टोपली उघडतो, आणि मी नेहमीसारखा एकेक उंडो दाबून बघते. हा कालचा वाटतो, म्हणते. तो म्हणतो, नाय बाये, आत्ताच भट्टीतून काढलाय. मी दुसरा दाबते. मग तिसरा. पाच उंडे मिळेपर्यंत मी नऊ दाबते. माझी पाठ तुमच्याकडे आहे.

मी वळते तेव्हा तुमची मान कललेली आहे.

मी तुमच्या शेजारी बसलेले नव्हते. कुणाच्या मांडीवर तुमचं डोकं नव्हतं. मी धावत आले, हाका मारल्या, तुम्हाला हलवलं, आणि स्वयंपाकघर दहा पावलांवर असून पाणी आणायला गेले नाही, कारण पाणी घालायचं म्हणजे तुम्ही गेलात हे कबूल करायचं, आणि मी ते कबूल करत नव्हते. शेजारी आले तेव्हा उशीर झाला होता. तुमच्या तोंडात पाणी कोणीच घातलं नाही.

वीस खरा होता की तुम्ही मला मुद्दाम फाटकात पाठवलंत, हे मला कळणार नाही. पण मी कुठे होते ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि महिनाभर मी तुमच्या आकड्यावर संशय घेत बसले. रविवारी पलीकडे जाऊन वन्संना सगळं सांगणार आहे. त्या मला घराबाहेर काढतील किंवा नाही काढणार. तुम्ही फक्त मध्ये पडू नका, आणि आकडा विचारू नका.